तल्लफेची लाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला तंबाखू सोडायची असते, कुणाला दारू, कुणाला रात्री दीडपर्यंत रील्स बघणं, तर कुणाला पोरांवर हात उगारणं. व्यसनमुक्तीच्या गटांमध्ये काम करताना दिसतं की सोडायची गोष्ट प्रत्येकाची वेगळी, पण प्रश्न तेच तेच. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. पद्धत एकच आहे: तल्लफ किंवा भावना उठली की तिच्यापासून पळायचं नाही, तिच्या मागेही धावायचं नाही, ती ओसरेपर्यंत तिच्यासोबत थांबायचं. इंग्रजीत तिला ‘अर्ज सर्फिंग’ म्हणतात. आमच्या गटात ‘लाट बघणं’ म्हणतात, तेच नाव इथे वापरलं आहे.

ही पद्धत आली कुठून?

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणूस व्यसन सोडतो, काही महिने नीट राहतो आणि मग पुन्हा तिथेच का येतो, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. १९८५मध्ये ज्यूडिथ गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी या विषयावरचं मोठं पुस्तक काढलं. तल्लफ ही समुद्राच्या लाटेसारखी उठते, माथ्यावर जाते आणि खाली येते, तेव्हा तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर स्वार व्हा, ही त्यांची मांडणी. पुढे सारा बोवेन आणि नेहा चावला यांच्यासोबत त्यांनी ध्यान आणि व्यसनोपचार एकत्र करून आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. मार्लट २०११मध्ये गेले, कार्यक्रम आजही चालतो.

प्रत्यक्षात करायचं काय? पायरीपायरीने सांगा.

तंबाखूचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे तेच सगळ्यांत जास्त भेटतं.

दुपारचं जेवण झालं. ताट उचललं, चूळ भरली आणि हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पुडी आणि चुन्याची डबी रोज तिथेच असते. तंबाखू तळव्यावर अजून आलेलीही नसते, पण अंगठा मळायला तयार असतो. इथे थांबायचं. हात जिथे असेल तिथे. बसता आलं तर बसा, नाही तर भिंतीला पाठ टेकून उभे राहा. डोळे मिटायलाच पाहिजेत असं नाही. गोडाऊनमध्ये, बसस्टँडवर, मशीनजवळ मिटूही नका.

मनाशी एवढंच म्हणा: ‘तल्लफ आली आहे.’ ‘मला तंबाखू पाहिजे’ असं नाही. दुसऱ्या वाक्यात तुम्ही निम्मे दुकानात पोचलेले असता.

आता ती अंगात कुठे आहे ते शोधा. बार भरणाऱ्यांना ती बहुतेक वेळा खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी सापडते, जिथे रोजचा बार बसतो तिथेच. तोंडाला पाणी सुटलेलं असतं. काहींचा जबडा आवळलेला असतो, काहींना छातीत ओढ जाणवते, काहींची बोटं शिवशिवतात. सगळ्यांत जोरात जिथे असेल ती एक जागा धरा आणि बारकाईने बघा. केवढी आहे, रुपयाच्या नाण्याएवढी की तळव्याएवढी? गरम की गार? टोचतंय, ओढतंय, की मुंग्या येताहेत? एका जागी आहे की सरकतेय? शून्य ते दहामध्ये आत्ता किती?

श्वास चालू आहे त्याकडे अधूनमधून लक्ष जाऊ द्या. श्वास पाय टेकायला आहे, तल्लफेला हाकलायला नाही. दीर्घ श्वास घेऊन तिला बाहेर फेकायला गेलात की पुन्हा कुस्ती सुरू.

मग ती वाढते. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण बहुतेक जण इथेच उठतात. बघायला लागलो तर वाढलीच की, म्हणजे उपाय चुकला, असं वाटतं. चुकलेला नसतो. पाचाचे सात होतात, साताचे आठ होतात आणि त्याच वेळी डोकं बोलायला लागतं: एवढा एकच, आज बुधवार आहे सोमवारपासून सोडू, आधीच टेन्शन काय कमी आहे. ही बडबड लाटेचाच भाग आहे. तिला उत्तर देऊ नका, ‘हा विचार आला’ म्हणा आणि पुन्हा हिरडीपाशी या. एका क्षणी लक्षात येतं की मघाशी आठ होती ती आता सहा आहे. कधी उतरली ते कळलंही नाही. तीनच्या आसपास आली की उठा आणि पुढच्या कामाला लागा. बडीशेप खायची तर आता खा. आधी खाल्लीत तर तुम्ही लाट बघितली नाही, बडीशेप खाल्ली. तेही वाईट नाही, पण ती वेगळी युक्ती झाली.

आणि पुडी खिशात ठेवूच नका. खिशात माल ठेवून मनाची परीक्षा घेणाऱ्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. पहिले दोन आठवडे तर नाहीच.

तल्लफ किती वेळ टिकते?

एक-एक तल्लफ बहुतेक वेळा काही मिनिटांची असते. वीस मिनिटं, अर्धा तास हे आकडे धीर द्यायला ठीक आहेत, पण घड्याळ लावून बसू नका. ‘झाली की वीस मिनिटं, अजून कशी गेली नाही’ ही नवीच चिडचिड लागते मागे. कुठलीही भावना बरोबर नव्वद सेकंदांत संपते असं समाजमाध्यमांवर फिरतं, त्याकडे तर सरळ दुर्लक्ष करा. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला नव्वद सेकंद सांगून बघा.

एक तल्लफ आणि सोडल्यानंतरचा एकूण त्रास यांत मात्र गल्लत नको. निकोटिन शरीरातून भरभर उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण जातात. चिडचिड, झोप न लागणं, एकाग्रता न होणं, भूक वाढणं हे सगळं दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. त्या काळात लाटा दिवसातून अनेकदा येतात. सहा महिन्यांनी, एखाद्या लग्नात जुना मित्र समोर तंबाखू मळायला लागला की अचानक एक मोठी येते. ती आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही.

मग हे मन मारणंच झालं ना?

उलट आहे. मन मारणारा म्हणतो, ‘मला काही होतच नाहीये.’ लाट बघणारा म्हणतो, ‘होतंय, हिरडीत होतंय, आठ आहे.’

मन मारण्याचा प्रयोग डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये करून बघितला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर त्याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तर आधी मनाई नसलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या मनात ते जास्त आलं. श्रावण पाळून भाद्रपदात दुप्पट पिणारे आपल्या माहितीत असतात, त्यांना हा प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याने तल्लफ कमी होते का?

लगेच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो.

बोवेन आणि मार्लट यांचा २००९चा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. सिगारेट ओढणारे १२३ महाविद्यालयीन विद्यार्थी. सगळ्यांना तल्लफ येईल अशी स्थिती तयार केली. निम्म्यांना लाट कशी बघायची ते थोडक्यात सांगितलं, निम्म्यांना नाही. तल्लफ दोन्ही गटांत सारखीच आली. पण पुढच्या सात दिवसांत लाट बघायला शिकलेल्यांनी सिगारेटी कमी ओढल्या.

म्हणजे बदललं काय? तल्लफ तेवढीच, पण ‘तल्लफ आली’ आणि ‘पेटवली’ यांच्यामधला सांधा सैल झाला. सगळी पद्धत या एका सांध्याभोवती आहे. आपल्याला वाटत असतं की इच्छा झाली म्हणजे ती पुरी करावीच लागते, नाही तर ती वाढतच जाईल आणि आपण फुटू. एकदा, दोनदा, दहादा तिला वर जाताना आणि खाली येताना नीट बघितलं की ही भीती जाते. भीती गेली की तल्लफ येऊनही काही बिघडत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ती खरोखर कमी होते, कारण तिला दर वेळी खाऊ मिळेनासा होतो.

याला पुरावा कितपत आहे? की हेही ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’सारखंच?

पुरावा आहे, चमत्काराचा नाही. येल विद्यापीठातल्या जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ८८ धूम्रपान करणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला सजगतेचं (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे होतंय ते नुसतं बघण्याचं) प्रशिक्षण, दुसऱ्याला अमेरिकन लंग असोसिएशनचा नेहमीचा कार्यक्रम. दोन्हींत चार आठवड्यांत आठ बैठका. सतराव्या आठवड्याला पहिल्या गटातले ३१ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यातले ६ टक्के. आकडा मोठा वाटतो, पण माणसं थोडी होती. मार्लट यांच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाची मोठी चाचणी २०१४मध्ये आली. त्यात २८६ जण होते आणि वर्षाअखेर या कार्यक्रमातल्यांचे नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी भरले. सगळे अभ्यास एकत्र तपासले की मात्र फायदा माफक दिसतो. तेव्हा कुणी ‘शंभर टक्के व्यसनमुक्ती’ म्हणून याचं शिबिर विकत असेल तर पैसे देऊ नका.

हे विपश्यनाच आहे का? इगतपुरीला जावं का?

नातं जवळचं आहे. विपश्यनेचे आचार्य स. ना. गोएंका म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले, १९६९मध्ये भारतात आले आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून शिबिरं सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात आधी नाकपुड्यांपाशी श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. मग अधिष्ठानाची बैठक, म्हणजे तासभर हातपाय न हलवता बसणं. ज्यांनी ती केली आहे त्यांना लाट बघणं म्हणजे काय ते मुद्दाम सांगावं लागत नाही. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते, हात वर जायला आसुसतो, तुम्ही नेत नाही. खाज असह्य होते, आणखी असह्य होते, आणि मग कुठे गेली ते कळत नाही.

मार्लट स्वतः याच परंपरेकडे वळले. सिएटलजवळच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं व्हायची. त्यांत बसलेल्या कैद्यांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला, तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतर या कैद्यांचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन न बसलेल्यांपेक्षा कमी निघालं. अर्थात शिबिराला कैदी स्वेच्छेने बसले होते, तेव्हा मुळात बदलायची इच्छा असलेलेच तिथे आले असणार, हेही धरायला हवं.

मुळं आणखी जुनी आहेत. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान (घट्ट धरून बसणं) ही साखळी बुद्धाने सांगितली. इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे, कुठलीही सुखद-दुःखद जाणीव. साखळी तुटते ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये. मघाशी ज्या सांध्याबद्दल बोललो तो हाच.

जावं का? तब्येत ठीक असेल, दहा दिवस मिळत असतील तर जरूर. पण दारू आजच सोडली आहे, हात थरथरताहेत, अशा अवस्थेत जाऊ नका. आणि तंबाखूची तल्लफ उद्या दुपारी दीडला येणार आहे, त्यासाठी इगतपुरीची वाट बघायची गरज नाही.

मी बौद्ध नाही. किंवा: मी देवधर्म मानत नाही. चालेल का?

चालेल. हिरडीला धर्म नसतो.

डोक्यात चित्रं सुरू होतात, त्यांचं काय?

हा प्रश्न दारूवाल्यांकडून, गोड खाणाऱ्यांकडून आणि हळू आवाजात अश्लील व्हिडिओ बघणाऱ्यांकडून येतो. बरोबर प्रश्न आहे. ओढ नुसती अंगात राहत नाही, ती सिनेमा काढते. थंडगार ग्लास, त्यावरचे थेंब, शेजारी चकली, मित्राचं हसणं. जितकं चित्र रंगतं तितकी ओढ वाढते आणि ओढ वाढली की चित्र आणखी रंगतं.

चित्राला विरोध करू नका, ते अस्वलासारखं परत येईल. ‘चित्र दिसतंय’ म्हणा आणि लगेच विचारा, हे बघताना अंगात काय होतंय? घसा? पोट? मांड्या? लक्ष संवेदनेवर आणलं की चित्राला मिळणारा कच्चा माल कमी होतो. फारच जोरात असेल तर डोळे उघडून समोरची भिंत, तिचे पोपडे, खिडकीचे गज नीट बघा. मनाच्या पडद्याची जागा मर्यादित असते, खऱ्या गोष्टींनी ती भरली की कल्पनेला कमी उरते.

राग, मत्सर, एकटेपणा यांना ही पद्धत लागू होते का?

होते, आणि बहुतेकांच्या बाबतीत तल्लफेच्या खाली यांतलंच काहीतरी असतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा: तल्लफ आली की आधी ही चार दारं ठोठावून बघा. कित्येकदा संध्याकाळी सातची ‘दारूची तल्लफ’ ही दुपारी न जेवल्याची भूक निघते. वरणभात खाल्ला की निम्मी उतरते.

रागाची लाट तंबाखूपेक्षा भराभर चढते, त्यामुळे ती तळाशीच पकडावी लागते. कानशिलं तापणं, दात आवळणं, आवाज चढायच्या आधी घशाला येणारा ताण, यांतली तुमची पहिली खूण कोणती ते शोधून ठेवा. भावनेला नाव द्या, आणि नेमकं द्या. ‘मूड गेलाय’ याने काही होत नाही. ‘अपमान वाटला’, ‘भाऊ पुढे गेला म्हणून जळफळाट होतोय’, ‘आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटलं’ असं म्हणा. मॅथ्यू लीबरमन या मानसशास्त्रज्ञांच्या २००७च्या मेंदूच्या प्रतिमांवरच्या अभ्यासात भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होताना दिसली. ‘बोललं की मोकळं वाटतं’ हे आजी म्हणायची, ते अगदीच वावगं नव्हतं.

दुःखाचं मात्र वेगळं. आई गेल्याचं दुःख ही एक लाट नाही, त्याला लाटा येत राहतात. देवघरातली तिची चष्म्याची डबी दिसली की एक येते, तिच्या हातच्या चवीची आमटी कुठे खाल्ली की दुसरी. रडू आलं तर रडायचं. लाट बघणं म्हणजे कोरड्या डोळ्यांनी बघणं असं कुणी सांगितलेलं नाही.

म्हणजे नवऱ्याने मारलं, साहेबाने छळलं तरी राग ‘बघत’ बसायचं का?

नाही. अजिबात नाही. हा प्रश्न बायका विचारतात आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे, कारण सजगतेच्या नावाखाली ‘सोसा’ शिकवणारे लोक आहेत.

बघायची ती आतली लाट. बाहेरचा अन्याय बघत बसायचा नाही. राग अनेकदा खरी बातमी घेऊन येतो: इथे तुमच्यावर अन्याय होतोय. लाट उतरू दिली की ती बातमी स्पष्ट वाचता येते आणि मग काय करायचं ते नीट करता येतं: तक्रार लिहायची, माहेरी निघून जायचं, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावायचा. अंगावर हात पडतोय त्या क्षणी संवेदना शोधत बसायचं नाही. आधी तिथून निघायचं.

सगळ्या इच्छा सोडून द्यायच्या का?

कोण म्हणालं? पुरणपोळी खावीशी वाटली तर खा, तूप घालून खा. जी इच्छा पुरी केल्यावर तुम्ही स्वतःवर चरफडता, तिच्यासाठी हे सगळं आहे.

मोबाइलवर कसं करायचं? तिथे तर हात कधी गेला तेच कळत नाही.

तेच अवघड आहे तिथे. तंबाखू मळायला वेळ लागतो, तेवढी तरी फट मिळते. फोन अंगठ्याने उघडतो. म्हणून आधी फट तयार करावी लागते: ॲप पहिल्या पडद्यावरून काढून टाका, झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, बोटाचा ठसा बंद करून लांब पासवर्ड ठेवा. पासवर्ड टाकायच्या त्या चार-पाच सेकंदांत विचारा, आत्ता अंगात काय आहे? बहुतेक वेळा उत्तर कंटाळा असतं, किंवा एखादं काम टाळायचं असतं. कंटाळ्याची लाट फार उंच नसते, पण लांबच लांब असते. ती बघणं हा माझ्या मते सगळ्यांत कठीण सराव आहे.

मधुमेह आहे आणि गोडाची तल्लफ येते. लाट बघू का?

आधी हे वाचा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि अचानक घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, डोकं गरगरणं असं झालं, तर ती तल्लफ नसून साखर घसरलेली असू शकते. लाट बघत बसू नका. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. ७०च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर घरच्यांनी तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा.

साखर ठीक आहे, जेवण झालंय आणि शेजारच्यांनी बारशाचे पेढे आणून दिलेत, तर मात्र ही पद्धत छान चालते. पेढा समोर ठेवून नाही, डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून.

ही पद्धत कुणी एकट्याने करू नये?

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद करून घरी लाटा बघत बसणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि ती औषधांनी सांभाळता येते. आधी डॉक्टर, लाट नंतर. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची वर्षानुवर्षं सवय असेल तर त्याही मनाने बंद करू नका.

ज्यांच्यावर लहानपणी किंवा नंतर अत्याचार झाले आहेत, ज्यांना पॅनिकचे झटके येतात, त्यांना छातीकडे, पोटाकडे लक्ष नेल्यावर उलट घाबरायला होऊ शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष पायाच्या तळव्यांवर किंवा हातांवर ठेवावं आणि हे समुपदेशकाच्या सोबतीने शिकावं. जीव द्यावासा वाटतोय, अशा वेळी एकट्याने बसून लाट बघू नये. माणूस गाठावा, फोन करावा.

निकोटिनचं गम किंवा गोळ्या चालू आहेत. मग हे करायचं का?

दोन्ही एकत्र करा. औषध घेणं म्हणजे हरणं नव्हे. औषध लाट बुटकी करतं, बुटक्या लाटेवर शिकणं सोपं. फक्त गम नीट वापरा: सुपारीसारखं सतत चघळायचं नसतं. थोडं चावायचं, झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. चहा-कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाही तर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि लोक म्हणतात, गमने काही होत नाही.

घसरलो. आता काय?

मार्लट यांच्या कामातला सगळ्यांत उपयोगी भाग मला हाच वाटतो. एकदा पाय घसरणं आणि पुन्हा व्यसनात पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, असं ते सांगत. दोन्हींच्या मध्ये एक वाक्य असतं: ‘आता मोडलंच आहे तर…’ एक बार भरला याने होणारं नुकसान थोडं. ‘मोडलंच आहे तर’ म्हणून भरलेले पुढचे चाळीस बार सगळं नुकसान करतात. या वाक्यामागे असते शरम, आणि शरमेचीही लाट असते: पोटात खड्डा, मान खाली, घरी जाऊ नये असं वाटणं. तीही बघता येते. ती बघितली नाही, तर ती विसरायला माणूस पुन्हा पुडी उघडतो.

त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, कुणाला तरी सांगा. मग काय झालं ते मागे जाऊन बघा: त्याआधी कुठे होतात, कुणासोबत, जेवला होतात का, पहिली खूण कधी दिसली. बहुतेकदा कळतं की लाट उठायच्या तासभर आधीच आपण त्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहिलो होतो. ‘सहज’ त्या टपरीवरून गेलो होतो.

सराव कधी करायचा?

तल्लफ नसताना. भर वादळात पोहायला शिकत नाहीत. रोज दहा मिनिटं बसा आणि मुद्दाम लहान लाटा बघा: खाज सुटली, खाजवू नका, बघा. पाय अवघडला, हलवण्याआधी मिनिटभर थांबा. चहाचा कप समोर आला, पहिला घोट घेण्याआधी तोंडात काय होतं ते बघा. फोन वाजला, दोन रिंग जाऊ द्या. घरात न बोलता करता येतात असे हे सराव आहेत, कुणाला पत्ताही लागत नाही.

घरच्यांनी काय करावं?

लाट बघणाऱ्याला ‘काय झालं, काय झालं, पाणी देऊ का’ करू नका. ‘बसलात का परत डोळे मिटून’ असा टोमणा तर मुळीच नको. दहा मिनिटं वाटेला जाऊ नका. आणि रात्री ‘आज किती वेळा आली?’ असं विचारा, ‘आज खाल्ली नाहीस ना?’ असं नाही. पहिल्या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो.

मिश्री लावणाऱ्या सासूबाईंना सून हे सगळं सांगायला गेली तर काय होईल ते मला माहीत आहे. तिथे नातवाला पुढे करा.

फोनवर मदत कुठे मिळेल?

तंबाखूसाठी १८००-११-२३५६, हा नंबर तंबाखूच्या पुडीवर आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६. मन फार खाली गेलं असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेलि-मानसचा १४४१६, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिन्ही मोफत. पुण्यात मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती संस्था १९८६पासून काम करते आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन बोलता येतं.

फोन लावल्यावर काय बोलायचं याची तयारी लागत नाही. ‘मी तंबाखू खातो, सोडायची आहे, आत्ता तल्लफ आली आहे’ एवढं पुरतं. पलीकडचा माणूस विचारेल, दिवसाला किती, किती वर्षं, याआधी कधी सोडली होती का. खरं सांगा. आकडा कमी करून सांगितला तर औषधाचा डोसही कमीच सुचवला जाईल.